वर्ध्यात पाहायला काय आहे? एका सुट्टीच्या प्लॅनिंगचा इतिहास

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा झोप येत नाही म्हणून इअरफोन लावून पडला असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा भाग जरा घरगुती आहे. एरवी आपण एखादा राजा, एखादी लढाई असं काहीतरी घेतो. आज मी एका सुट्टीच्या प्लॅनिंगची गोष्ट सांगणार आहे. पण विषय इतिहासाचाच आहे, काळजी करू नका.

झालं असं की माझा मामेभाऊ अकरा वर्षांपासून अमेरिकेत ओमाहाला असतो. ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं मोठं शहर. नेब्रास्का म्हणजे प्रेअरी, म्हणजे मैलोनमैल सपाट माळ, मका, सोयाबीन, गाईगुरं. येत्या डिसेंबरमध्ये तो बायको आणि दोन मुलांना घेऊन येतोय. त्याचा प्लॅन असा होता: चार दिवस गोवा, दोन दिवस ताडोबा, मुक्काम नागपूरच्या हॉटेलात, आणि एक दिवस दुपारच्या जेवणाला गावी. गाव म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, देवळीजवळचं. जिथे त्याचे आईवडील, म्हणजे माझे मामा-मामी राहतात. कारण काय, तर "मुलं बोअर होतील गं. तिथे पाहायला काय आहे?"

मला राग आला. मी लगेच मामांना फोन लावला. वाटलं, ते तरी म्हणतील की नाही, पोरांना इथंच राहू दे. तर मामा काय म्हणाले?

"काहून आणतं व माय लेकराइले इकडं? इथं पाहाले हाये काय? नागपूरले हाटेलात राहू दे त्याईले. एक दिवस जेवाले येऊन जातीन."

बघा, म्हणजे मुलगा आणि बाप, दोघांचं वाक्य एकच. फरक इतकाच की मुलगा ते सहज बोलला आणि मामा बोलताना थोडं थांबले. त्यांना नातवंडं घरी नको आहेत असं नव्हतं. आपलं घर, आपलं शेत, आपला जिल्हा दाखवण्यासारखा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते मला जास्त लागलं.

मग मी ठरवलं, हे प्लॅनिंग मी करणार. आणि करायला बसले तेव्हा लक्षात आलं की "वर्ध्याला जायचं कसं, राहायचं कुठे, खायचं काय" हा प्रश्न आपल्या आधी फार मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे.

एकाच वर्षी सुरू झालेल्या दोन गोष्टी

आधी नेब्रास्काचं सांगते, कारण भावाला पटवायला मी तिथूनच सुरुवात केली.

नेब्रास्काच्या पर्यटन खात्याने 2018 मध्ये एक घोषवाक्य काढलं होतं. मराठीत सांगायचं तर, "खरं सांगू का, हे सगळ्यांसाठी नाही." खोटं वाटेल, पण हीच त्यांची सरकारी जाहिरात होती. कारण लोकांना कोणत्या राज्यात फिरायला जावंसं वाटतं अशी पाहणी व्हायची, त्यात नेब्रास्का तळाला असायचं. मग त्यांनी म्हटलं, लपवायचं कशाला? आमच्याकडे समुद्र नाही, हिमशिखरं नाहीत. ज्याला माळ, आकाश आणि शांतता पाहिजे त्याने यावं. जाहिरात गाजली.

आता वर्षं पाहा. 1862 साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. जो कोणी माळावर जाऊन पाच वर्षं राहील आणि जमीन कसेल, त्याला 160 एकर जमीन. त्या जमिनीवर आधीपासून मूळनिवासी राहत होते, त्यांना कुणी विचारलं नाही, ती वेगळी आणि काळी गोष्ट आहे. पण नेब्रास्का वसलं ते या कायद्याने. आणि त्याच 1862 साली नागपूर जिल्ह्यातून तुकडा काढून वर्धा जिल्हा तयार झाला.

हा योगायोग आहे. पण त्यामागचं एक कारण दोन्हीकडे सारखंच घोंघावत होतं, ते म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध. 1861 ते 1865. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडायला लागल्या. मग इंग्रजांनी नजर फिरवली ती वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे. त्या काळात या भागातल्या देशी कापसाला बाजारात एक नाव होतं, "हिंगणघाट". धागा बारीक आणि देशी वाणांच्या मानाने लांब. मुंबईच्या आणि इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना हिंगणघाट हे गाव कधी पाहायला मिळालं नसेल, पण नाव तोंडपाठ होतं.

कापूस न्यायचा तर रेल्वे पाहिजे. 1867 साली मुंबईकडून येणारी जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. त्याच वर्षी नेब्रास्काला राज्याचा दर्जा मिळाला, हे भावाला मुद्दाम सांगितलं. रेल्वे जिथून जाणार तिथे जिल्ह्याचं ठाणं हवं, म्हणून पुलगावजवळच्या कवठ्याहून मुख्यालय हललं आणि 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर वर्धा शहर आखलं गेलं. नाव नदीवरून. म्हणजे आपल्याला जुनंपुराणं वाटणारं वर्धा शहर मुळात रेल्वेच्या काळातलं, नकाशावर आखून बसवलेलं आहे. ओमाहाच्या आजूबाजूची रेल्वेगावं तशीच.

भाऊ फोनवर म्हणाला, "हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तू दहावीपर्यंत पऱ्हाटीत उभा होतास रे. कोण सांगणार होतं?"

नकाशाच्या मधोमध

पुढचा मुद्दा प्रवासाचा. आणि इथे एक सल्ला देते, कारण दर वर्षी कुणी ना कुणी फसतं. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी रेल्वे स्टेशनं आहेत. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नाव वर्धा ईस्ट. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामला थांबतात आणि मुख्य वर्धा स्टेशनात शिरत नाहीत. तिकीट काढताना दोन्ही नावं तपासा. नाहीतर घेणारा एका स्टेशनावर आणि येणारा दुसऱ्या.

पण ही दोन स्टेशनं आहेत का? कारण वर्धा हा सांधा आहे. मुंबई-नागपूर-कोलकाता ही एक वाट, आणि दक्षिणेकडे हिंगणघाट, बल्लारशाहवरून चेन्नईकडे जाणारी दुसरी. 1929 च्या सुमारास बल्लारशाह आणि काझीपेठ यांच्यामधला तुकडा पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास अशी सरळ गाडी वर्ध्यावरून धावायला लागली. म्हणजे पेशावरहून, मद्रासहून, मुंबईहून, कलकत्त्याहून कुठूनही निघा, वर्ध्याला येता येत होतं.

आता पुढचं ऐका. 12 मार्च 1930 ला गांधीजी दांडीला जायला साबरमतीहून निघाले ते स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही असं ठरवून. मग राहायचं कुठे? वर्ध्यात जमनालाल बजाज होते. मूळचे राजस्थानातले, सीकरकडचे, लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरी दत्तक आलेले. त्यांच्याच आग्रहामुळे विनोबा भावे 1921 पासून वर्ध्यात आश्रम चालवत होते. 1928 मध्ये जमनालालजींनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं होतं. तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती. तर माणसं होती, जागा होती, आणि देशाच्या मधोमध रेल्वेचा सांधा होता. गांधीजी वर्ध्याला आले. आधी शहरात मगनवाडीत राहिले, आणि 30 एप्रिल 1936 ला चालत शेगावला गेले. शहरापासून आठेक किलोमीटर.

शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. नाव का बदललं? पत्रं चुकीच्या गावी जायची म्हणून! बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आहे, डाकवाल्यांचा घोळ व्हायचा. म्हणून 1940 मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. म्हणजे आज आपण दोन स्टेशनांमध्ये गोंधळतो त्यात नवीन काही नाही.

जे आपल्या आधी येऊन गेले

आता हा भाग मी मामांना फोनवर वाचून दाखवला. ते आधी "हां, हां" करत होते, मग गप्प बसून ऐकायला लागले.

एप्रिलअखेरीस वर्ध्याचं ऊन काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. 45 अंशांच्या पुढे पारा जातो. त्या उन्हात सत्तरीकडे झुकलेला माणूस एका खेड्यात राहायला गेला, जिथे धड रस्ताही नव्हता. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी चिकटते की चप्पल मागे राहते आणि पाय पुढे. त्याच वर्षी त्यांना मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पहिलं घर बांधताना त्यांनी अट घातली होती: खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, सामान आसपासच्या गावांतलं, कारागीर इथलेच. आज आदिनिवास म्हणून दाखवतात ते घर. आणि बापूकुटी ही मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली, नंतर गांधीजी तिथे राहायला गेले. माती, बांबू, कवेलू. मामांचं जुनं घर ज्याचं आहे, त्याचंच.

आणि या गावात पाहुणे कोण यायचे?

1933 मध्ये जपानचे बौद्ध भिक्षू निचिदात्सू फुजी वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत आला, आणि वर्ध्यात आज जो पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप दिसतो तो त्यांच्याच परंपरेतला. 1934 मध्ये खान अब्दुल गफार खान तुरुंगातून सुटले, पण स्वतःच्या प्रांतात जायची बंदी, म्हणून ते वर्ध्याला येऊन राहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना परत अटक झाली. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेतून मार्गारेट सँगर आल्या. संततिनियमनाच्या चळवळीतलं जगातलं मोठं नाव. त्यांचं आणि गांधीजींचं त्या विषयावर अजिबात पटलं नाही, पण बोलणं सविस्तर झालं. जानेवारी 1938 मध्ये लॉर्ड लोथियन आले. इंग्लंडच्या राजकारणातला बडा माणूस, पुढे वॉशिंग्टनला ब्रिटनचा राजदूत झाला. तो या खेड्यात येऊन राहिला.

आणि माझा सगळ्यांत आवडता पाहुणा, लुई फिशर. अमेरिकन पत्रकार. हा जूनमध्ये आला, 1942 च्या. वर्ध्याला जूनमध्ये येऊ नका हे त्याला कुणी सांगितलं नसावं. पहिली रात्र वर्ध्यात गच्चीवर झोपला, सकाळी टांग्याने सेवाग्रामला गेला, आणि आठवडाभर राहिला. उकाड्याने त्याचा जीव असा कासावीस झाला की तो पाण्याने भरलेल्या टबात बसायचा आणि टाइपरायटर बाहेर स्टुलावर ठेवून तिथूनच टाइप करायचा. जेवणात रोज जवळजवळ तीच उकडलेली भाजी. त्याने तक्रारही केली. पण त्या आठवड्याचं त्याने पुस्तक लिहिलं, आणि पुढे गांधीजींचं मोठं चरित्रही लिहिलं.

फिशर गेला आणि महिनाभरात, 14 जुलै 1942 ला, वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने तो ठराव केला ज्याच्यातून पुढे मुंबईत "भारत छोडो" निघालं. व्हाईसरॉयशी बोलता यावं म्हणून सरकारने आश्रमात बसवलेला टेलिफोन आजही तिथे दाखवतात. कवेलूच्या झोपडीत बसलेल्या म्हाताऱ्याशी दिल्लीच्या राजवाड्याला बोलायचं होतं, म्हणून तार इथपर्यंत ओढली.

मामा म्हणाले, "टबात बसे म्हन्तं? मंग आमी काय वेगळं करतो. हौदात बसतो."

जे कॅमेरे घेऊन आले

हे सगळं छान आहे. पण मामा खूश झाले आणि गोष्ट संपली, असं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला आणि जे बोलले ते ऐकून मला कळलं की "पाहाले काय हाये" यामागे काय होतं.

2006 साल आठवतंय का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेतही नसतील. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची नावं तेव्हा रोज पेपरात असायची: अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा. शेतकरी आत्महत्यांचे सहा जिल्हे. त्या वर्षीच्या जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याच्या आधी आणि नंतर गावोगाव गाड्या यायच्या. पत्रकार, संशोधक, पुढारी, संस्थांचे लोक.

मामांच्या शेजारच्या घरात तसं घडलं होतं. नाव सांगत नाही. मामा म्हणाले, सहा महिन्यांत त्या घरी कितीतरी गाड्या येऊन गेल्या. प्रत्येक जण तोच प्रश्न विचारायचा, कर्ज किती होतं, शेवटचं काय बोलले. प्रत्येक जण बाईला दारात उभं करून फोटो काढायचा. काहींनी मनापासून मदत केली, हेही मामा म्हणाले. पण चहा पिऊन दुसऱ्यांदा फक्त भेटायला म्हणून कुणी आलं नाही.

"आमच्याकडं लोकं दुख पाहाले येते माय," मामा म्हणाले. "लेकरं येतीन, तेई तेच पाहून जातीन. पडकं घर, बुडालेला भाव. काहून दाखवाचं त्याईले?"

मला काही उत्तर सुचलं नाही. कारण ते खोटं बोलत नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कापसाचं नाव इंग्लंडच्या बाजारात चालायचं, तोच कापूस घेऊन हा माणूस आज ट्रॅक्टर लावून भावाची वाट पाहत रांगेत उभा राहतो. ती "हिंगणघाट" जातही आता शेतात दिसत नाही. 2002 नंतर बीटी आलं आणि काही वर्षांत सगळं रान त्याचंच झालं.

पण मग मला एक गोष्ट सुचली, ती मी त्यांना सांगितली. फिशर आणि बाकीचे लोक सेवाग्रामला आले तेव्हा सेवाग्राम काही सुखी गाव नव्हतं. गरिबी होती, मलेरिया होता, शिवाशीव होती. तिथे पाहायला काही नव्हतंच. पण ते राहिले. एक रात्र, तीन दिवस, आठवडा. तेच जेवले, त्याच उन्हात झोपले. दुःख बघून निघून जायला दहा मिनिटं पुरतात. राहिलं की माणसाचं बाकीचंही दिसतं, तो हसतो कधी, काय येतं त्याला, कशाचा अभिमान आहे. जेवायला येऊन संध्याकाळी नागपूरला परतणाऱ्या नातवंडांना तुमचं फक्त पडकं घरच दिसेल मामा. सहा दिवस राहिली तर तुम्ही दिसाल.

तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "पाह्यतो."

तर, प्लॅन

आता जे काय ठरवलंय ते सांगते. ज्यांना डिसेंबर-जानेवारीत यायचं असेल त्यांनी उतरवून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. मार्चनंतर टब आणावा लागेल.

पहिला दिवस: काहीच नाही. शेत. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, तूर उभी असते. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेतात पूजा करून दही-भाताचा नैवेद्य दाखवतात ती, तोवर होऊन गेलेली असते. देवळीला आता रेल्वेही आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. मुलांना वर्ध्याहून त्या गाडीनेच आणायचं ठरवलंय.

दुसरा दिवस: सेवाग्राम. बापूकुटी, आदिनिवास, आखरी निवास. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची कुटी नक्की पाहा. गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करायचे. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबा. 25 ऑगस्ट 1946 ला गांधीजी इथून दिल्लीला निघाले ते परत आलेच नाहीत, हे डोक्यात ठेवून त्या अंगणात बसा. दुसऱ्या बाजूला नई तालीमचा परिसर आहे. ऑक्टोबर 1937 ची वर्ध्याची शिक्षण परिषद, झाकीर हुसेन समिती, हाताने काम करत शिकायचं, ती कल्पना इथून निघाली. वर्धा शहरात मगन संग्रहालय आहे, 1938 च्या डिसेंबरात गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. चरखे, घाण्या, गावातली अवजारं. मुलांना हात लावून विचारायला भरपूर.

तिसरा दिवस: पवनार. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. 1938 मध्ये विनोबा इथे आले, शेत खणताना त्यांना भरत-भेटीचं जुनं शिल्प सापडलं. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, वा. वि. मिराशींचं मत होतं की पवनार हेच वाकाटकांचं प्रवरपूर, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने इथे उत्खननही केलं. आज बरेच अभ्यासक प्रवरपूर म्हणून रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात, तो वाद आहे. पण याच प्रवरसेनाच्या नावावर "सेतुबंध" हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य आहे, आणि ती प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. पुतण्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे, त्याला ही गोष्ट नदीतल्या खडकावर बसवून सांगणार आहे. 17 ऑक्टोबर 1940 ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी भाषण केलं तेही पवनारलाच. परतताना गोपुरीत गीताई मंदिर. छप्पर नाही, मूर्ती नाही, दगडी शिळांवर कोरलेली गीताई.

चौथा दिवस: जंगल. हां, ताडोबा सोडायला भाऊ तयार नव्हता, मग त्याला बोर दाखवलं. सेलू तालुक्यात, हिंगणीकडून जायचं. 1970 चं अभयारण्य, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. 138 चौरस किलोमीटर, देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. बोर धरण पाहूनही मन भरतं. सफारीचं बुकिंग आधी करा. वाटेत केळझरचा सिद्धिविनायक. एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुर मारला तो इथेच, असं लोक सांगतात.

पाचवा दिवस: समुद्रपूर तालुका. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा, सगळ्या धर्मांचे लोक जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी की व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा माल दगड झाला. त्याच तालुक्यात वायगाव, तिथल्या हळदीला 2016 मध्ये जीआय मिळालं. किलोभर घेऊन या. हिंगणघाट वाटेतच. बाबा आमट्यांचा जन्म तिथला, 1914 चा.

सहावा दिवस: आर्वी, कारंजा, आष्टी. गवळाऊ गाई या पट्ट्यातल्या, पांढऱ्या, हलक्या अंगाच्या, चपळ. आणि आष्टीत हौस म्हणून जाऊ नका, नमस्कार करायला जा. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. त्याच दिवशी चिमूर आणि आष्टी दोन्हीकडे उठाव झाला, गोळीबार झाला, माणसं गेली.

खाण्याचं: सकाळी तर्री पोहे, दुपारी भाकर-भरीत, एक दिवस रोडगे आणि वांग्याची भाजी शेतात. वर्ध्याहून निघताना गोरसपाक घ्यायला विसरू नका. पुण्यामुंबईच्या लोकांना एक सूचना: इथे कुणी "सांबार टाकू का?" विचारलं तर ती कोथिंबीर असते. आणि वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. भावाला हे दोनदा सांगितलं.

शेवटचं

मी ही यादी दोघांना पाठवली. भावाने गोव्याचे दिवस कमी केले आणि गावचे सहा केले. नागपूरचं हॉटेल रद्द. त्याने एवढंच लिहिलं, "बाबा चालेल म्हणाले का?"

खरं तर तेव्हापर्यंत मामांनी "पाह्यतो" च्या पुढे काही म्हटलं नव्हतं. परवा रात्री दहाला त्यांचा फोन आला. एरवी ते नऊला झोपतात.

"त्या खोलीत इंग्लिस संडास बसवून घ्याचा म्हन्तो मी. मिस्त्री पाहून ठेवला."

मी म्हटलं, "बसवा मामा."

"आन एक. घराजवळच्या वावरातल्या चार तासा मी वेचाच्या ठेवतो. मजुरानीले सांगितलं, त्या तासाइले हात लावजो नोका. लेकराइच्या हातानं होऊ दे."

तर मंडळी, तुमच्याही घरात कुणीतरी असं असेल, जे म्हणत असेल, आमच्याकडे पाहायला काय आहे. या सुट्टीत त्यांच्याकडे जा, आणि नुसते जेवायला जाऊ नका, मुक्कामाला जा. कसे राहिलात ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.